चालत्या सर्व्हरवर मोजमाप करताना: कमांड कधी थांबणार आणि कोणाला थांबवणार?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या सर्व्हरची जबाबदारी आपल्याकडे नव्याने आली आहे. त्या लिनक्स सर्व्हरवर जावामध्ये लिहिलेली ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा व्यवहार सांभाळणारी प्रणाली, आणि तिच्यामागे पोस्टग्रेस डेटाबेस चालतो. पहिली पाळी सुटून दुसरी लागते त्या सुमारास, म्हणजे दुपारी साडेतीन ते चारच्या दरम्यान, सगळ्या स्क्रीन अडखळू लागतात. कमांडलाइनवरची निरीक्षणाची साधने चालवून कारण शोधावे असे आपल्याला वाटते, पण उत्पादन चालू असताना ही साधने चालवणे कितपत सुरक्षित आहे आणि कोणती काळजी घ्यावी, असे आपण विचारले आहे.

नाशिक आणि सिन्नर परिसरातल्या कारखान्यांचे सर्व्हर मी अठरा वर्षे सांभाळतो आहे. ही साधने नुसती बघतात, करत काहीच नाहीत, या समजुतीतून झालेले नुकसान मी या काळात बरेच निस्तरले आहे. म्हणून कोणतीही कमांड चालवण्याआधी मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो: ही आपली आपण कधी थांबणार आहे, आणि चालू असेपर्यंत ही कोणाला थांबवणार आहे? दोन्हींची उत्तरे ठाऊक नसतील, तर ती कमांड आधी चाचणीच्या यंत्रावर चालवून पाहावी. आपल्याकडे तसे यंत्र नसेल, तर एखाद्या जुन्या संगणकावर तेच लिनक्स आणि तीच पोस्टग्रेस आवृत्ती टाकून ते तयार करावे. एका दुपारचे काम आहे.

सुरुवात चालू प्रोसेस, म्हणजे चालत असलेले प्रोग्राम, दाखवणाऱ्या 'टॉप'पासूनच करतो, कारण ते सर्वांत निरुपद्रवी समजले जाते. काही वर्षांपूर्वी अंबडमधल्या एका कारखान्यात एका हुशार मुलाने रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेले खाते, म्हणून लॉगिन करून 'टॉप' उघडले. त्याचा हात 'व्हीआय' संपादकावर बसलेला होता, आणि तिथे 'के' ही कळ दाबली की कर्सर एक ओळ वर सरकतो. यादीत वर जावे म्हणून त्याने सवयीने 'के' दाबले. 'टॉप'मध्ये मात्र 'के' म्हणजे किल. कोणती प्रोसेस मारायची असे विचारणारी ओळ आली आणि तिच्यात यादीतल्या पहिल्या प्रोसेसचा क्रमांक आधीच सुचवलेला होता. हे काहीतरी भलतेच आले, ते जावे म्हणून त्याने एंटर दाबले. मग कोणता सिग्नल पाठवायचा असे विचारले गेले, त्यातही १५ हा क्रमांक तयारच होता. त्याने पुन्हा एंटर दाबले. 'टॉप'च्या यादीत सर्वांत वर तीच प्रोसेस असते जी त्या घटकेला सर्वाधिक सीपीयू खात असते, आणि ती होती ईआरपीची जावा प्रोसेस. तीन कळांत अख्ख्या कारखान्याची ईआरपी बंद पडली. गेटवर माल भरून उभ्या असलेल्या गाड्यांची चलने निघेनात, आणि तो मुलगा तासभर सगळ्यांना सांगत होता की मी फक्त बघत होतो. तो खोटे बोलत नव्हता.

यावरून घ्यायची काळजी तीन प्रकारची आहे. पहिली म्हणजे निरीक्षणासाठी स्वतःचे साधे खाते वापरावे. साध्या खात्यावरून दुसऱ्याच्या प्रोसेसला मारायचा प्रयत्न केला तर कर्नलच, म्हणजे लिनक्सचा गाभाच, नकार देतो, म्हणजे वरची तीन कळांची कहाणी तिथेच संपली असती. ज्या साधनाला खरोखरच वाढीव अधिकार लागतात, तेवढ्या एका कमांडपुरते 'सुडो' वापरावे. त्याची नोंदही लॉगमध्ये राहते, आणि 'कोणी काय केले' हा प्रश्न नंतर उभा राहिलाच तर ती नोंद आपल्याच बाजूने बोलते. दुसरी म्हणजे फक्त आकडे हवे असतील तर 'टॉप' बॅच पद्धतीने चालवावे, म्हणजे 'डॅश बी' आणि किती वेळा छापायचे ते सांगणारा 'डॅश एन' हे दोन्ही द्यावेत. या पद्धतीत ते कळफलकाकडे लक्षच देत नाही. आणि तिसरी, अनोळखी प्रश्न स्क्रीनवर आला की एंटर दाबू नये, एस्केप दाबावे. ही शेवटची सवय अंगवळणी पडायला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण एरवी दिवसभर आपण आलेली खिडकी न वाचता एंटरनेच घालवत असतो.

आता थांबण्याचा मुद्दा. 'व्हीएमस्टॅट', 'आयओस्टॅट', 'एमपीस्टॅट', 'पिडस्टॅट' आणि 'सार' या सीपीयू, मेमरी, डिस्क यांचे आकडे छापणाऱ्या साधनांना दोन आकडे देता येतात: पहिला किती सेकंदांनी मोजायचे आणि दुसरा किती वेळा. बहुतेक जण पहिला देतात आणि दुसरा विसरतात. मग ती कमांड कोणीतरी कंट्रोल-सी दाबेपर्यंत चालत राहते. 'व्हीएमस्टॅट ५ २४' असे लिहिले की दोन मिनिटांत ती स्वतःच थांबते. विंडोजच्या सर्व्हरवर 'टाइपपर्फ' वापरत असाल तर तिथेही नमुन्यांची संख्या 'डॅश एससी' या पर्यायाने द्यावी लागते. ज्या साधनाला अशी मर्यादा नाही, त्याच्या आधी 'टाइमआउट' लावून सेकंद लिहावेत. एक सूचना जाता जाता: 'व्हीएमस्टॅट' आणि 'आयओस्टॅट' छापतात तो पहिला संच सर्व्हर चालू झाल्यापासूनच्या सरासरीचा असतो. सर्व्हर दोनशे दिवस चालू असेल, तर त्यातून आज दुपारचे काहीही कळत नाही. तो सोडून द्यावा आणि दुसऱ्या ओळीपासून वाचावे. प्रोसेसची यादी देणारी 'पीएस' ही कमांड दाखवते ती सीपीयूची टक्केवारीही अशीच, त्या प्रोसेसच्या संपूर्ण आयुष्याची असते.

थांबवायला विसरलेल्या कमांडचा सर्वांत महाग प्रकार म्हणजे फाइलमध्ये लिहिणारी कमांड. 'टीसीपीडम्प'ला नेटवर्कवरची पाकिटे फाइलमध्ये साठवायला सांगून घरी गेलात, तर ते रात्रभर इमानेइतबारे साठवत राहील. ती फाइल पोस्टग्रेसच्याच डिस्कवर असेल आणि डिस्क भरली, तर व्यवहारांचा लॉग लिहायला जागा न मिळाल्यामुळे डेटाबेस स्वतःला बंद करून घेतो. म्हणून 'टीसीपीडम्प'ला 'डॅश सी'ने पाकिटांची संख्या ठरवून द्यावी, किंवा कॅपिटल सी आणि कॅपिटल डब्ल्यू हे दोन पर्याय एकत्र वापरून फाइलचा आकार आणि फाइलींची संख्या अशी बांधून द्यावी की जुनी फाइल पुसून तिच्यावरच नवी लिहिली जाईल. फाइल कुठे ठेवायची तेही आधी पाहावे. अनेक लिनक्स प्रणालींत 'टीएमपी' ही डिरेक्टरी डिस्कवर नसून मेमरीत असते. मेमरी कमी पडते आहे का हे तपासायला निघालेला माणूस तिथे चार जीबीची फाइल लिहून ती मेमरी स्वतःच खाऊन टाकतो. आणि फाइल मोठी झाली म्हणून ती लिहिणारी प्रोसेस चालू असतानाच पुसली, तर नाव जाते पण जागा मोकळी होत नाही. आधी प्रोसेस थांबवावी, मग फाइल पुसावी.

ज्या कमांडला थांबायचे असते पण थांबता येत नाही, तिची गोष्ट वेगळी आहे आणि ती जरा सविस्तर सांगायला हवी. एका ठिकाणी डिस्क किती भरली हे पाहण्यासाठी दर पाच मिनिटांनी 'डीएफ' चालवणारी एक छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीत, लावलेली होती. बॅकअपसाठी शेजारच्या इमारतीतला एक साठवणूक संच एनएफएसने, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरची डिस्क नेटवर्कवरून वापरण्याच्या पद्धतीने, जोडलेला होता. शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमारास तो संच बंद पडला. एनएफएसचा हार्ड माउंट असा असतो की पलीकडचा सर्व्हर उत्तर देईपर्यंत अलीकडची प्रोसेस वाट पाहत बसते. 'डीएफ'ने त्या संचाला विचारणा केली आणि ते अडकले. पाच मिनिटांनी क्रॉनने दुसरे 'डीएफ' सोडले, तेही त्याच दारात जाऊन बसले. तासाला बारा या हिशेबाने सोमवारी सकाळी नऊपर्यंत बासष्ट तासांत सातशे चव्वेचाळीस 'डीएफ' तिथे रांगेत होते.

सोमवारी मला फोन आला तो 'लोड सातशेच्या वर गेला आहे, सर्व्हर कोसळणार' असा. प्रत्यक्षात सीपीयू जवळजवळ रिकामा बसला होता. लिनक्समध्ये १९९३ साली झालेल्या एका बदलापासून लोड ॲव्हरेजमध्ये सीपीयूची वाट पाहणाऱ्या प्रोसेसबरोबरच डिस्कची किंवा एनएफएसची वाट पाहत अडकलेल्या, म्हणजे 'पीएस'मध्ये 'डी' अक्षराने दिसणाऱ्या प्रोसेसही मोजल्या जातात. म्हणजे निरीक्षणासाठी लावलेल्या स्क्रिप्टनेच ती भयानक संख्या तयार केली होती, आणि दुसरी निरीक्षण प्रणाली ती संख्या पाहून सगळ्यांना इशारे पाठवत होती. गडबडीत कोणीतरी सर्व्हर पुन्हा सुरू करायच्या बेतात होते. मी सांगितले की आधी साठवणूक संचाची वीज पाहा. ती जोडल्यावर सातशे चव्वेचाळीस प्रोसेस एका मिनिटाच्या आत आपापल्या वाटेने निघून गेल्या.

तेव्हापासून क्रॉनमधल्या माझ्या प्रत्येक निरीक्षण स्क्रिप्टला दोन कुलपे असतात. एक 'फ्लॉक डॅश एन', म्हणजे आधीची फेरी संपली नसेल तर नवी सुरूच होत नाही. आणि दुसरे 'टाइमआउट'. मात्र 'टाइमआउट' एरवी पाठवते तो सौम्य सिग्नल एनएफएसच्या दारात अडकलेल्या प्रोसेसपर्यंत पोहोचत नाही, म्हणून तिथे 'डॅश एस किल' लिहावे लागते. 'डीएफ'ला 'डॅश एल' दिले की ते फक्त स्थानिक डिस्कपुरतेच पाहते. उघड्या फाइलींची यादी देणारे 'एलएसओएफ' हेही मृत एनएफएसवर असेच अडकते, आणि शिवाय प्रत्येक आयपी पत्त्याचे नाव डीएनएसला विचारत बसते; त्याला 'डॅश एन' आणि कॅपिटल पी द्यायला विसरू नये.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: कोणाला थांबवणार? इथे पहिला मान 'एसट्रेस'चा. एखादी प्रोसेस कर्नलकडे काय काय मागते ते दाखवणारे हे साधन अतिशय उपयोगी आहे, पण त्याची काम करण्याची रीत अशी आहे की प्रत्येक सिस्टिम कॉलच्या, म्हणजे अशा प्रत्येक मागणीच्या, आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा ते त्या प्रोसेसला उभे करते, नोंद करते आणि मग पुढे सोडते. एका सेकंदात हजारो कॉल करणारा डेटाबेस यात अनेक पटींनी मंदावतो. दुपारी साडेतीनला, जेव्हा तो आधीच धापा टाकतो आहे, तेव्हा हे साधन लावणे म्हणजे दम लागलेल्या माणसाला पायरी-पायरीवर थांबवून 'का दम लागला' असे विचारण्यासारखे आहे. लावावेच लागले तर हवे तेवढेच कॉल निवडावेत, आधी 'टाइमआउट ५' लिहावे, आणि ते चाचणीच्या यंत्रावर किंवा दोन पाळ्यांच्या मधल्या निवांत वेळेत करावे. ते बंद करताना 'किल डॅश ९' वापरू नये, कंट्रोल-सी वापरावे. अन्यथा ज्या प्रोसेसवर ते बसले होते ती कधीकधी थांबलेल्या अवस्थेतच राहून जाते.

याच साधनावरून एक आठवण. मी एकदा फोनवरून एका सहकाऱ्याला 'एसट्रेस चालव' असे सांगितले आणि त्याने 'स्ट्रेस' असे ऐकले. त्या नावाचेही एक साधन आहे, आणि ते मुद्दाम सीपीयू व मेमरीवर ताण टाकण्यासाठीच बनवलेले आहे. सर्व्हरवर ते नव्हते म्हणून त्या भल्या माणसाने ते आधी इन्स्टॉल केले आणि मग चालवले. तेव्हापासून चालत्या सर्व्हरवरची कमांड मी तोंडी सांगत नाही. लिहून पाठवतो आणि समोरच्याला ती जशीच्या तशी चिकटवायला सांगतो.

आपल्याकडे जावा आणि पोस्टग्रेस एकाच सर्व्हरवर आहेत, त्यामुळे सिग्नलांच्या बाबतीत आपल्याला विशेष जपावे लागेल. जावाची प्रोसेस आत कुठे अडकली आहे हे पाहण्यासाठी तिला 'किल डॅश ३' पाठवायची जुनी पद्धत आहे. जावा त्या सिग्नलला मरत नाही, आपल्या सर्व थ्रेडची, म्हणजे आत समांतर चाललेल्या कामांच्या धाग्यांची, स्थिती छापते आणि काम चालू ठेवते. हाच सिग्नल चुकून पोस्टग्रेसच्या मुख्य प्रोसेसला गेला, तर तिथे त्याचा अर्थ 'ताबडतोब बंद हो' असा आहे. ती आवराआवर न करता बंद होते आणि पुढच्या वेळी सुरू होताना लॉगवरून सगळे सावरत बसते. प्रोसेस क्रमांकातला एक अंक चुकला की एवढे अंतर पडते. म्हणून मी 'किल'ऐवजी हीच स्थिती छापणारे 'जेस्टॅक' वापरतो, पण तेही आतून हाच सिग्नल पाठवू शकते, म्हणून ते रूटवरून न चालवता ईआरपीच्याच खात्यावरून चालवतो; मग क्रमांक चुकून डेटाबेसचा दिला तरी कर्नलच नकार देतो. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन वेळा 'जेस्टॅक' घेतले आणि तिन्हींत तेच थ्रेड त्याच ओळीवर दिसले, की शोध बहुधा तिथेच संपतो. 'जेमॅप'ने मेमरीचा पूर्ण उतारा घेणे मात्र कामाच्या वेळेत करू नये. त्याला 'लाइव्ह' हा पर्याय दिला तर आधी पूर्ण कचरासफाई होते, म्हणजे न लागणारी मेमरी मोकळी केली जाते, मग उतारा लिहिला जातो, आणि तेवढा वेळ सगळी ईआरपी थांबलेली असते. फाइलही जवळपास वापरातल्या हीपएवढी, म्हणजे जावाच्या कामाच्या मेमरीएवढी, मोठी होते, हे आधीच्या डिस्कच्या मुद्द्याला जोडून लक्षात ठेवावे.

पोस्टग्रेसच्या बाजूला एखादी क्वेरी सर्व्हर खात असल्याचे 'टॉप'मध्ये दिसले, तर त्या एका प्रोसेसला 'किल डॅश ९' करण्याचा मोह होतो. तसे केल्यास पोस्टग्रेस सामाईक मेमरी बिघडली असावी असे गृहीत धरून बाकी सर्वांचीही कनेक्शन तोडते आणि स्वतःची दुरुस्ती सुरू करते. एका क्वेरीसाठी सगळा कारखाना बाहेर फेकला जातो. त्याऐवजी डेटाबेसच्या आतून 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' ही चालू क्वेरींची यादी पाहावी आणि 'पीजी कॅन्सल बॅकएंड' या फंक्शनने तेवढी क्वेरी रद्द करावी. क्वेरी का रेंगाळते हे पाहण्यासाठी 'एक्स्प्लेन ॲनलाइझ' वापरणार असाल तर हेही माहीत असावे की ते क्वेरी खरोखर चालवते. त्याच्या पुढे 'डिलीट' असेल तर नोंदी खरोखरच जातात. 'बिगिन' आणि 'रोलबॅक' यांच्या मध्ये ते ठेवावे, किंवा नुसत्या 'एक्स्प्लेन'वर भागवावे.

सीपीयूचा वेळ कशात जातो ते दाखवणारे 'पर्फ' हे नमुने घेऊन काम करते, त्यामुळे 'एसट्रेस'पेक्षा ते पुष्कळ हलके आहे. सेकंदाला ९९ नमुने पुरतात. शंभराऐवजी नव्व्याण्णव घेण्याचे कारण असे की सर्व्हरवरची नियतकालिक कामे सहसा शंभरासारख्या पूर्ण आकड्यांच्या ठेक्यावर चालतात, आणि आपला ठेका त्यांच्याशी जुळला तर तेच तेच क्षण पुन्हा पुन्हा नोंदले जाण्याचा धोका असतो. 'पर्फ'साठी कर्नलची एखादी सुरक्षा-मर्यादा तात्पुरती सैल केली असेल, तर मूळचा आकडा आधी लिहून ठेवावा आणि काम झाल्यावर तो परत घालावा. 'पीमॅप' आणि तत्सम साधनांनी मोठ्या मेमरीच्या प्रोसेसचा तपशील सेकंदा-सेकंदाला काढू नये. तो वाचताना त्या प्रोसेसच्या मेमरी नकाशावर कुलूप लागते. 'डीयू'ने लाखो फाइलींची डिरेक्टरी मोजायची असेल तर ते रात्री, आणि डिस्कच्या रांगेत त्याला मागे ठेवणारे 'आयओनाइस' लावून करावे. यापेक्षा जास्त सांगण्यासारखे त्यात नाही.

आकडे चुकीचे वाचून केलेली कृती मात्र कमांडपेक्षाही जास्त नुकसान करते, आणि त्यातले मला वारंवार भेटणारे उदाहरण 'फ्री' या कमांडचे आहे. 'फ्री' स्तंभात दोनशे-तीनशे एमबी दिसतात आणि मेमरी संपली असे वाटते. लिनक्स उरलेली मेमरी डिस्कवरच्या वाचलेल्या फाइली जवळ ठेवण्यासाठी वापरते आणि मागणी आली की सोडून देते. म्हणून पाहायचा स्तंभ 'अव्हेलेबल' हा आहे. तो न पाहता, कुठेतरी वाचलेली, जवळ ठेवलेल्या या सगळ्या फाइली मेमरीतून काढून टाकणारी 'ड्रॉप कॅशेस' ही युक्ती लोक भर दुपारी चालवतात. 'फ्री'चा आकडा झकास वाढतो, आणि त्याच क्षणापासून जी पाने मेमरीतून मिळत होती ती डिस्कवरून आणावी लागल्यामुळे डेटाबेस रांगू लागतो. मी तर काही ठिकाणी ही कमांड दर तासाला क्रॉनमध्ये लावलेली पाहिली आहे. आपल्या आधीच्या माणसाने ती लावली नाही ना, हे जरूर पाहावे. 'आयओस्टॅट'मधली वापराची टक्केवारी शंभर दिसली म्हणजे एसएसडी दमलीच असेही नाही, कारण ती एकाच वेळी अनेक मागण्या हाताळू शकते. तिथे प्रतीक्षेचा वेळ पाहावा. आणि सर्व्हर आभासी यंत्र असेल तर 'टॉप'मधला 'एसटी' हा आकडा पाहावा. तो मोठा असेल तर आपला सीपीयू दुसरा कोणीतरी वापरतो आहे आणि आपण आपल्या यंत्रात कितीही शोधले तरी काही सापडणार नाही.

गोपनीयतेबद्दल थोडेसे. कमांडच्या ओळीत लिहिलेला पासवर्ड त्या वेळी सर्व्हरवर असलेल्या कोणालाही 'पीएस'मध्ये दिसू शकतो आणि शेलच्या इतिहासातही राहतो. 'टीसीपीडम्प'च्या फाइलीत एन्क्रिप्ट न केलेले सगळेच उघडे असते. 'एसट्रेस' प्रत्येक मजकुराची पहिली बत्तीस अक्षरे छापते आणि पासवर्ड सहसा त्याहून लहानच असतो. सॉफ्टवेअर पुरवठादाराला ही माहिती पाठवायची असेल तर आधी स्वतः वाचावी, अनावश्यक ते काढावे, आणि काम झाल्यावर सर्व्हरवरच्या प्रती पुसाव्यात.

आता आपल्या साडेतीनच्या अडचणीकडे. माझा सल्ला असा की पहिल्या दिवशी साडेतीन वाजता काहीच चालवू नये. सर्व्हरवर 'सिसस्टॅट' हे पॅकेज आहे का ते पाहावे. असेल आणि चालू असेल तर ते एरवी दर दहा मिनिटांनी मोजमाप साठवत असते, आणि 'सार'ने मागच्या काही दिवसांची दुपार बसल्या जागी वाचता येते. ते बंद असेल तर चालू करून अंतर दोन मिनिटांचे करावे आणि एक आठवडा जाऊ द्यावा. त्याचे आकडे स्क्रिप्टने वेगळे काढणार असाल तर वेळेची पद्धत आधी चोवीस तासांची करून घ्यावी, कारण बारा तासांच्या पद्धतीत 'एएम' आणि 'पीएम' हा एक जादा स्तंभ येतो आणि पुढचे सगळे स्तंभ एकाने सरकतात. मी एकदा दोन दिवस सिस्टिमचा वेळ म्हणून भलत्याच स्तंभाची सरासरी काढत बसलो होतो.

प्रत्यक्ष त्या वेळेत मोजायचे ठरले तर सव्वातीनला 'टीमक्स', म्हणजे सर्व्हरवरच चालू राहणारे टर्मिनल, उघडून आत काम करावे, म्हणजे नेटवर्क तुटले तरी आपल्या मोजमापाचा धागा हातात राहतो. पाळीच्या पर्यवेक्षकांना आधी सांगून ठेवावे. आधी 'व्हीएमस्टॅट', मग 'आयओस्टॅट', मग 'पिडस्टॅट', प्रत्येकी संख्येची मर्यादा घालून. आणि दुपारी एकच्या निवांत वेळीही हेच तीन संच घेऊन ठेवावेत, नाहीतर साडेतीनचा आकडा मोठा की नेहमीचाच, हे ठरवायला काही आधारच राहणार नाही. यातून डिस्क, सीपीयू किंवा एखादी विशिष्ट प्रोसेस यांपैकी कोणाकडे बोट जाते ते कळल्यावरच वर सांगितलेल्या जड साधनांना हात लावावा.

पण या सगळ्याच्याही आधी 'टाइमडेटसीटीएल' ही कमांड चालवून सर्व्हरचे घड्याळ कोणत्या वेळेवर आहे ते पाहावे. ती एका क्षणात संपते आणि कोणालाही थांबवत नाही. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर त्याचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. कोणीतरी सकाळी दहाचा अहवाल किंवा बॅकअप म्हणून लावलेले काम रोज नेमके पाळी बदलताना चालत असण्याची शक्यता आहे, आणि पाळीच्या गर्दीवर त्याचे खापर फुटत असेल. 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स' आणि प्रत्येक खात्याचे 'क्रॉनटॅब डॅश एल' यांत दहा वाजताची नोंद शोधावी. ती सापडली आणि वेळ बदलायची झाली, तर यादी संपादनासाठी उघडणारे 'डॅश ई' टाइप करताना कळफलकाकडे नीट पाहावे. 'ई'च्या शेजारची कळ 'आर'ची आहे, आणि 'क्रॉनटॅब डॅश आर' त्या खात्याची सगळी यादी काहीही न विचारता पुसून टाकते. म्हणून 'डॅश एल'ने दिसलेली यादी आधी एका फाइलमध्ये उतरवून घ्यावी आणि मगच बदल करावा.